लांडग्याच्या पिल्लाला काय हवंय, ते आधी ठरवा

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजला तो असा. तुम्ही मोहोळ तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता. मुलांसाठी २२ प्रकरणांची एक साहसकादंबरी लिहिली आहे आणि तिचा नायक लांडग्याचं पिल्लू आहे. जंगलतोडीमुळे बेघर झालेले प्राणी सभा भरवतात, सिंह अध्यक्ष असतो, पिल्लू दूत म्हणून माणसांच्या गावाकडे निघतं, वाटेत संकटं येतात आणि शेवटी गावातली मुलं ५०० झाडं लावतात. पाचवीच्या वर्गाला तुम्ही ती वाचून दाखवायला घेतली आणि तिसऱ्या प्रकरणापर्यंत पोरं खिडकीबाहेर बघायला लागली. तुम्ही विचारता की पर्यावरण हा विषयच मुलांना रुक्ष वाटतो का, तो गोष्टीत मिसळायचा कसा, प्राण्यांनी बोलावं की नाही, आणि गोष्टीत कुणी मेलं तर चालेल का.

मी २२ वर्षं मुलांच्या पुस्तकांचं संपादन करते, थोडं लिहितेही, आणि राहते सोलापुरात. दर हिवाळ्यात मुलांची एक तुकडी घेऊन सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळावर, म्हणजे माळढोक पक्ष्याच्या अभयारण्यात, जाते. त्यामुळे तुमच्या प्रश्नाला दोन्ही बाजूंनी उत्तर द्यायचा प्रयत्न करते.

पहिली गोष्ट, विषय रुक्ष नाही. तुमची मुलं खिडकीबाहेर बघत होती, तेव्हा बहुधा बाहेर काहीतरी चाललं होतं. खारीची पळापळ असेल, नाहीतर कुत्र्याची नवी पिल्लं. म्हणजे त्यांना प्राणी हवेच आहेत. तुमच्या पहिल्या तीन प्रकरणांत मात्र त्यांना प्राणी सापडले नाहीत, प्राण्यांची नावं लावलेली मोठी माणसं सापडली. सभा, ठराव, अध्यक्ष, दूत हे सगळं आपल्या ग्रामसभेतलं आहे. तुमच्या पिल्लाला स्वतःसाठी काहीच नकोय. त्याला फक्त निरोप पोचवायचाय, आणि तो निरोपही त्याचा नाही, तुमचा आहे. मला दिसते ती खरी अडचण ही. पर्यावरण गोष्टीत मिसळायला गेलात की ते वेगळं पडतं, वरून घातलेल्या फोडणीसारखं. पिल्लाला भूक, तहान, भीती आणि आईचा वास एवढ्या चार गोष्टी नीट द्या. पर्यावरण म्हणजे दुसरं काय असतं हो? त्या चार गोष्टी जिथं मिळतात किंवा मिळत नाहीत, ती जागा.

आता जागेबद्दल बोलू, कारण मला सगळ्यात जास्त तिथंच बोलायचंय. तुमच्या कादंबरीत 'घनदाट जंगल' आहे, त्यात सिंह, हत्ती, अस्वल आणि लांडगा शेजारी राहतात. सर, आपल्या जिल्ह्यात घनदाट जंगल कुठंय? आपला आहे तो माळ. वर्षाला सरासरी पाचशे-साडेपाचशे मिलिमीटर पाऊस, मुरमाड जमीन, गुडघाभर गवत, मधूनच हिवर, बोर, तरवड. लांडगा याच मोकळ्या माळाचा प्राणी. तो काळविटांच्या मागं धावतो, मेंढरांच्या वाड्याभोवती घुटमळतो, उन्हात बांधाच्या सावलीला पडतो. तुमच्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या आजोबांनी तो पाहिला असेल. आणि आपण त्याला त्यांच्यापासून उचलून कुठल्यातरी पुस्तकी जंगलात नेऊन ठेवतो, जिथं तो मुलांनाही ओळखू येत नाही.

नान्नजला नेलेल्या मुलांचा एक अनुभव सांगते. आठवी-नववीची मुलं होती. पहिल्या अर्ध्या तासात काहीच दिसलं नाही, मुलं कंटाळली. एका मुलीच्या मोज्यात कुसळं घुसली होती, ती बसून एकेक काढत होती. मी त्यातलं एक कुसळ घेतलं, तिच्या तळहातावर ठेवलं आणि पाण्याचे दोन थेंब टाकले. कुसळाची ती काळपट, पीळ पडलेली शेपटी हळूहळू उलगडायला लागली आणि टोक हातावर गोल फिरायला लागलं. मुलगी दचकली, "मॅडम, हे जिवंत आहे!" पाच मिनिटांत सगळी तुकडी तिच्याभोवती. कुसळी गवताचं बी असंच मातीत शिरतं. ओल लागली की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि टोकाचा अणकुचीदार भाग स्क्रूसारखा खाली जातो. टोकाजवळचे केस उलटे असल्यामुळे ते मागं सरत नाही. मग एकानं विचारलं, हे लांडग्याच्या पायात घुसत असेल की नाही? सर, तुमच्या कादंबरीचं एक प्रकरण त्या प्रश्नात आहे. पिल्लाच्या दोन बोटांच्या मध्ये कुसळ रुतलंय, ते चाटतंय, चाटल्यानं ओलं होतंय आणि ओलं झाल्यामुळे अजून आत जातंय. सभेपेक्षा यात जास्त साहस आहे.

साहसाचा आराखडा तुम्हाला बाहेरून आणावाच लागणार नाही. तो आपल्या हंगामात तयार आहे. लांडग्याची पिल्लं साधारण हिवाळ्यात होतात. समजा तुमचं पिल्लू डिसेंबरात जन्मलं. तेव्हा रानात शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, उभा असतो, डोक्याएवढा. सगळीकडे आडोसा. जानेवारीतली सोलापूरची गड्डा यात्रा संपेपर्यंत पिल्लू बिळाच्या तोंडाशी यायला लागतं, भावंडांशी खेळायला लागतं, आणि जवळपासच्या रानात लोक हुरडा भाजत बसलेले असतात. धुराचा वास, माणसांचा आवाज, हे त्याचं पहिलं जग. मग फेब्रुवारी-मार्चात ज्वारीची काढणी सुरू होते. दोन-तीन आठवड्यांत सगळा आडोसा नाहीसा. कालपर्यंत जिथून आई बिनधास्त यायची, तिथं आता उघडं रान आणि राखणीची कुत्री. ही तुमच्या गोष्टीची पहिली मोठी कलाटणी. यात खलनायक कुणी नाही, कुणी जंगल तोडलेलं नाही. शेतकऱ्यानं त्याची ज्वारी काढली, बस. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात, ओढे कोरडे. आणि मग जूनचा पाऊस, ज्यात सहा महिन्यांचं पिल्लू पहिल्यांदा ओल्या मातीचा वास घेतं आणि वाळव्यांच्या पंखांचा सडा बघतं. तुमच्या २२ प्रकरणांना हे सहा महिने पुरून उरतील.

प्रवासही असाच खरा ठेवा. नान्नज, वडाळा, मार्डी, कारंबा ही नावं कादंबरीत येऊ द्या. एका कागदावर नकाशा काढा. बीळ कुठं, पाणवठा कुठं, बार्शी रस्ता कुठून जातो, उसाचे पट्टे कुठं. लांडगा एका रात्रीत वीस-वीस किलोमीटर सहज चालतो, पिल्लू नाही चालत. हा फरक नकाशावर धरला की संकटं आपोआप तयार होतात. आई पाण्यावर जाऊन परत येऊ शकते, पण पिल्लाला नेऊ शकत नाही. आणि कुणी म्हणालं की आपल्या भागात कसलं साहस, तर त्याला २०२४ च्या शेवटी येडशी-बार्शीकडे आलेला वाघ आठवून द्या. यवतमाळच्या टिपेश्वरहून तो शेकडो किलोमीटर चालत आला होता. शेतं, रस्ते, कालवे, गावं ओलांडत. असं लिहिलं असतं तर संपादकांनी 'अतिशयोक्ती' म्हणून परत पाठवलं असतं.

इथं परिस्थितीवर अवलंबून असलेली एक गोष्ट मान्य करते. तुमचं पुस्तक सगळ्या महाराष्ट्रातल्या मुलांनी वाचावं असं वाटत असेल, तर एवढी गावांची नावं कोकणातल्या किंवा मुंबईतल्या मुलाला जड जातील, अशी भीती वाटू शकते. माझा अनुभव उलटा आहे. नावं मुलांना अडत नाहीत, न दिसणारी जागा अडते. पण तुमची कादंबरी आठ वर्षांखालच्या मुलांसाठी असेल, तर दोन-तीनच ठिकाणं ठेवा आणि त्यांना पिल्लाच्या दृष्टीनं नावं द्या. 'गार वाळू', 'भुंकणारी वस्ती', 'गुणगुणत्या तारा'.

यावरूनच प्राण्यांच्या बोलण्याकडे येते. बोलावं की नाही, याचं एकच उत्तर नाही. मी संपादित केलेल्या चांगल्या हस्तलिखितांत तिन्ही प्रकार होते. प्राणी माणसांसारखे बोलतात, प्राणी फक्त आपसात बोलतात, आणि प्राणी अजिबात बोलत नाहीत, लेखक फक्त त्यांच्या मागं मागं चालतो. तिसरा प्रकार सर्वांत अवघड आणि साधला तर सर्वांत टिकाऊ. पहिल्यांदाच लिहिताय, तर तुमच्यासाठी मी दुसरा सुचवेन. पिल्लू आईशी, भावंडांशी बोलू दे. पण त्याला तेवढंच माहीत असू दे जेवढं नाकानं, कानानं आणि पोटानं कळतं. तुमच्या चौथ्या प्रकरणात पिल्लू 'प्रदूषण' म्हणतं. लांडग्याला प्रदूषण माहीत नाही. त्याला माहीत आहे की या पाण्याला वास येतो आणि परवा ते पिऊन बहीण ओकली. मूल ते वाचून प्रदूषण हा शब्द स्वतः शोधतं, आणि स्वतः शोधलेला शब्द विसरत नाही. एकदा नियम ठरवला की तो शेवटपर्यंत पाळा. दहाव्या प्रकरणात पिल्लानं पाटी वाचली की मुलांचा विश्वास गेलाच म्हणून समजा. मुलं या बाबतीत फार कडक असतात.

तुम्ही एक परिच्छेद नमुन्यादाखल दिलाय, तोच घेऊन दाखवते. तुमचं वाक्य असं आहे: 'पिल्लाला खूप तहान लागली होती, परंतु मानवाने पाण्याचा बेसुमार उपसा केल्यामुळे सर्व ओढे-नाले आटले होते.' माहिती बरोबर आहे. पण पिल्लू कुठंय यात? आता मी लिहिते:

ओढ्यात वाळू होती. कालही वाळूच होती. आईनं परवा जिथं उकरलं होतं, तिथं त्यानं नाक घातलं. आत गार होतं, पण ओलं नव्हतं. तो तिथंच गार वाळूवर पोट टेकून पडला. ऊन वर चढलं. मग वारा फिरला आणि वाऱ्यातून वास आला, ओल्या मातीचा. त्यानं मान उचलली. बांधापलीकडे ऊस होता. उसाच्या पायाशी पाणी चमकत होतं. आणि पाण्याच्या तोंडाशी एक कुत्रं झोपलं होतं, एक कान उभा ठेवून.

यात उपसा शब्द नाही, माणूस नाही. पण वर्गात हे वाचून थांबा आणि बघा. कुणीतरी विचारेलच, ओढ्यात नाही तर उसात पाणी कुठून आलं? आपल्या जिल्ह्यातल्या मुलाला त्याचं उत्तर घरी मिळतं. बाप बोअर किती फुटांवर गेलं ते सांगतो. तुम्हाला हवा असलेला विषय त्या घरात, जेवणाच्या ताटावर पोचला, आणि तुम्ही एक उपदेशाचं वाक्य लिहिलं नाहीत. शिवाय त्या मुलाच्या बापाला तुम्ही चोर ठरवलं नाहीत. हे महत्त्वाचं आहे, कारण ऊस त्याच्याच रानात आहे.

खलनायकाबद्दलही हेच. तुमचा धनगर फार दुष्ट झालाय. मोठ्या मिशा, लाल डोळे, हातात कुऱ्हाड. सर, तो मेंढरं राखतो, त्याचं कोकरू गेलं तर त्याचं नुकसान होतं. भरपाईची सोय आहे, पण पंचनामा, कागद, फेऱ्या, आणि तोवर वाडा पुढच्या गावाला गेलेला असतो. तरीही पिढ्यान्‌पिढ्या लांडगा आणि धनगर एकाच माळावर राहत आलेत. लांडगा मेंढरांच्या मागं फिरतो, धनगराला ते माहीत असतं, म्हणून कुत्री असतात, रात्रीची जाग असते, वाघरीचं कुंपण असतं. वाघर म्हणजे जाळी, हा शब्द वापरा, मुलांना आवडतो. एका रात्री पिल्लाची आई वाघरीवरून उडी मारून कोकरू नेते. ते प्रकरण दोनदा लिहून बघा, एकदा वाघरीच्या बाहेरून, पिल्लाच्या बाजूनं, आणि एकदा आतून, त्या कोकराला बाटलीनं दूध पाजणाऱ्या धनगराच्या मुलीच्या बाजूनं. दोन्ही छापाच. वाचणारं मूल कुणाच्या बाजूनं व्हायचं याच्या पेचात पडेल, आणि तो पेच खरा आहे. आपण मोठी माणसंही अजून तो सोडवू शकलेलो नाही.

विरोधक हवाच असेल तर मी टिटवी सुचवीन. हसू नका. टिटवी उघड्या जमिनीवर खड्यांत अंडी घालते, उन्हाळ्यात पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून येते आणि अंड्यांवर बसून ती गार ठेवते. आणि लांडगा, कुत्रा, माणूस, काहीही जवळ आलं की सगळ्या माळाला ऐकू जाईल असा कालवा करते. तुमच्या पिल्लाची पहिली शिकार, दुसरी शिकार, तिसरी, सगळ्या त्या एका पक्ष्यानं घालवल्या तर? मुलं टिटवीचा राग करतील. मग एका प्रकरणात तिची भिजलेली पिसं दाखवा.

शिकारीचा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण तो तुमच्यापुढं येणार आहे. तुमचा नायक मांसाहारी आहे. सध्याच्या मसुद्यात तो बोरं खातो आणि 'मित्रांना कधीच खात नाही'. बोरं खाईलही अधूनमधून. पण काळविटाचं पाडस गवतात दडवून आई चरायला जाते, आणि ते पाडस हे लांडग्याचं अन्न आहे. यापासून पळालात तर पुस्तक खोटं होईल. मी मुलांना सांगते तेव्हा सरळ सांगते की मोठे लांडगे पोटभर खाऊन येतात आणि पिल्लांनी तोंड चाटलं की त्यांच्यापुढं ते ओकून टाकतात. आधी सगळा वर्ग 'ई!' करतो. मग शांतता. मग कुणीतरी विचारतं, आईला स्वतःला उरतं का? तिथून पुढं त्यांना लांडगीबद्दल काहीही सांगा, ते ऐकतात. मात्र रक्ताचं वर्णन करत बसू नका. मुलांना शिकार समजते, रक्ताचं वर्णन त्यांना नको असतं.

मरणाबद्दल. हे खरंच वाचकाच्या वयावर आणि वाचनाच्या पद्धतीवर अवलंबून आहे. एकट्यानं वाचणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलाला मध्यावर आईचा मृत्यू फार जड जातो, पुस्तक मिटून ठेवलं जातं. तेच तुम्ही वर्गात वाचून दाखवलंत, तर बरोबर पंचवीस जण असतात, तुम्ही असता, आणि ते झेपतं. बारा-तेराच्या मुलांना मरण लपवलेलं आवडत नाही, त्यांना फसवल्यासारखं वाटतं. मी साधारण असं करते: कुणी मेलं तर ते प्रत्यक्ष न दाखवता त्याच्या नसण्यातून दाखवते. तुमच्या पिल्लाचं एक भावंड बार्शी रस्त्यावर गेलं, असं धरा. धडक लिहू नका. बिळाच्या तोंडाशी रोज तीन पिल्लांची लोळायची जागा होती, धूळ मऊ झालेली. आता तिथं दोनच खळगे आहेत, आणि तिसरा वाऱ्यानं हळूहळू भरत चाललाय. एवढं पुरतं. आणि नंतर लगेच दुसरं पिल्लू आणून ती जागा भरू नका. तुमच्या अठराव्या प्रकरणात तसं झालंय.

आता शेवटाकडे येते, ती ५०० झाडं. इथं जरा थांबते, कारण हीच चूक मी केलेली आहे. माझी पहिली कादंबरी माळावरच्या पक्ष्यांची होती, आणि शेवटी मुलं माळभर खड्डे खणून झाडं लावतात, पाऊस येतो, सगळे आनंदी. हस्तलिखित घेऊन मी नान्नजला गेले होते. तिथल्या एका वयस्क वनमजुरांना गोष्ट सांगितली. त्यांनी सगळी ऐकून घेतली आणि एवढंच विचारलं, "मग बाई, माळढोक बसायचा कुठं?" मी तो शेवट काढून टाकला. पुस्तक दीड वर्ष लांबलं.

माळढोक मीटरभर उंचीचा, नर पंधरा किलोपर्यंत भरणारा पक्षी. तो झाडावर बसत नाही. मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडं घालते. तिला लांबवर दिसायला हवं, शत्रू येताना कळायला हवा. माळावर दाट झाडी म्हणजे तिच्यासाठी घराला भिंती घातल्यासारखं. धाविक, चंडोल, पावसाळ्यात येणारा तणमोर, हिवाळ्यात गवतावरून खाली-खाली तरंगत जाणारे भोवत्ये हे शिकारी पक्षी, खोकड, काळवीट, सगळ्यांना उघडा माळ लागतो. नान्नजच्या माळावरही एकेकाळी गिरिपुष्पाच्या झाडांची लागवड झाली होती आणि मोकळ्या गवताच्या पक्ष्यांना ती अडचणीची ठरली. हेतू चांगलाच होता. आपल्या सगळ्यांच्या डोक्यात निसर्ग म्हणजे झाड असं पक्कं बसलंय, आणि सरकारी कागदावरही माळ म्हणजे पडीक जमीन. पडीक म्हटलं की तिथं काहीतरी करावंसं वाटतं, झाडं, सौरऊर्जा, प्लॉट.

सोलापूरचे निसर्ग अभ्यासक बी. एस. कुलकर्णी यांनी १९७० च्या दशकात नान्नजच्या माळढोकाकडे लक्ष वेधलं. १९७९ मध्ये अभयारण्य झालं, कागदावर ८,४९६ चौरस किलोमीटर. त्यात गावं, शेतं, रस्ते सगळंच आलं होतं. पुढं ते कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं. आणि माळढोक? आज देशभरात दीडशेच्या आसपास, त्यातले बहुतेक राजस्थानात. नान्नजला गेल्या काही वर्षांत तो दिसणं म्हणजे बातमी. विजेच्या तारा हे त्याच्या मरणाचं एक मोठं कारण, कारण त्याचे डोळे दोन्ही बाजूंना चांगलं बघतात पण उडताना नाकासमोरचं त्याला नीट दिसत नाही, आणि जड अंगामुळे ऐनवेळी वळता येत नाही. तुमच्या पिल्लाच्या 'गुणगुणत्या तारा' आठवतात ना? एका पहाटे पिल्लाला त्या तारांखाली एक प्रचंड मोठा पक्षी पडलेला सापडतो. त्याला फक्त आयतं अन्न मिळालंय. भुकेलेल्या पिल्लाच्या दृष्टीनं ती कादंबरीतली सर्वांत आनंदाची सकाळ आहे. वाचणाऱ्या मुलाच्या दृष्टीनं नाही. पिल्लाला जे कळत नाही ते वाचकाला कळतंय, हा क्षण तुम्हाला साधला तर मला खूप आनंद होईल.

हे सगळं वाचून तुम्हाला वाटेल की झाडं लावण्याला माझा विरोध आहे. तसं अजिबात नाही. शाळेच्या आवारात, रस्त्याकडेला, बांधावर कडुनिंब लावा, मुलांकडून पाणी घालून घ्या. फक्त माळावर नको, आणि गोष्टीचा शेवट म्हणून तर नकोच. ५०० झाडं लावली की गोष्टीतलं सगळं निस्तरलं, असा समज मुलांच्या मनात राहतो आणि पिल्लू मागं पडतं. मला विचाराल तर कादंबरी पावसात संपवा. जून उजाडलाय, गवताला कोंब फुटलेत, पिल्लू आता तेवढं लहान राहिलेलं नाही, आणि ते पहिल्यांदाच मोठ्यांच्या मागं माळाच्या कडेपलीकडे निघतंय. कुठं पोचतं ते लिहू नका. नकाशा मात्र पुस्तकाच्या शेवटच्या पानावर छापा, आणि त्याची एक कड मोकळी सोडा.

भाषेबद्दल थोडंच. निवेदन साध्या प्रमाण मराठीत ठेवा, पण माणसांना आपल्याकडचं बोलू द्या. 'लांडगं आलं, पळ की रं' हे वाक्य तुमच्या मुलांच्या कानावरचं आहे. तुमच्या वर्गात घरी कानडी किंवा तेलुगू बोलणारी मुलं असतीलच. लांडग्याला, टिटवीला, घोरपडीला त्यांच्या घरी काय म्हणतात ते विचारा. धनगराच्या वाड्यावरची माणसं दोन भाषांत बोलतात, तेही येऊ दे. आणि 'लांडग्याचे शास्त्रीय नाव' पासून सुरू होणारा तो दीड पानी भाग काढा. त्यातली माहिती बरोबर आहे, पण तिथं पिल्लू दीड पान नुसतं उभं राहतं.

म्हणजे हाती घ्यायचं ते एवढंच: सभा आणि सिंह काढा, पिल्लाला माळावर आणा, आणि त्याला पाणी हवंय इथून सुरुवात करा. सगळी २२ प्रकरणं आत्ता पुन्हा लिहायला बसू नका, माणूस खचतो. फक्त तिसरं लिहा, जिथं मुलं खिडकीकडे वळली होती. मग त्याच वर्गाला वाचून दाखवा आणि मध्येच, कुत्र्याचा कान उभा आहे तिथं, घंटा झाली म्हणून पुस्तक मिटा. दुसऱ्या दिवशी तुम्ही वर्गात शिरल्यावर पहिला प्रश्न काय येतो, ते मला नक्की कळवा. आणि डिसेंबरात जमलं तर मुलांना घेऊन नान्नजला या. सकाळी सातच्या आत पोचायचं, मोजे जाड घालायचे.